चोवीस फुटांवरून चौतीस फुटांवर: कोथरूडच्या एका जोडप्याची बोटखरेदी

नोव्हेंबरातल्या एका रविवारी सकाळी कोथरूडच्या एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये मी आणि बोट घ्यायला निघालेलं एक जोडपं असे आम्ही तिघं खडूने जमिनीवर बोट काढत होतो. लांबी ३४ फूट, मध्ये रुंदी ११ फूट. त्यासाठी दोन गाड्या बाहेर रस्त्यावर न्याव्या लागल्या. आकृती पुरी झाल्यावर सुकाणूची जागा, डोलकाठी आणि पुढचं टोक अशा तीन फुल्या मारल्या. मग त्यातल्या बायकोला म्हटलं, सुकाणूपासून डोलकाठीपर्यंत चालत जा. ती गेली. सात पावलं झाली. त्यांच्या जुन्या बोटीवर हेच अंतर तीन पावलांचं होतं.

"आता परत ये, पण वाकून, एक हात कायम कठड्याच्या तारेवर आहे असं समजून. आणि सुकाणूवर कुणी नाहीये."

ती फुलीपाशी थांबली. "काका, सुकाणूवर कुणी नाही म्हणजे? हा कुठेय?"

"तो खाली झोपलाय, त्याला ताप आलाय."

नवरा बाजूला खडू हातात घेऊन उभा होता. तो हसला, ती हसली नाही.

मी आयुष्यभर व्यापारी जहाजांवर इंजिनिअर होतो, निवृत्तीनंतर पुण्यात स्थिरावलो. ओळखीतलं कुणी जुनी बोट घ्यायला निघालं की बघायला मला बोलावतात. हे प्रकरण त्या दोघांच्या संमतीने लिहितो आहे. त्यांची नावं, बोटीचं नाव आणि विकणाऱ्याची ओळख गाळली आहे. लिहितोय ते अशासाठी की पुण्यातून शिडाच्या बोटींचा नाद करणाऱ्यांकडून "याहून मोठी घेऊ का?" हा प्रश्न मला वारंवार येतो, आणि त्याचं उत्तर बोटीत शोधायचं नसतं हे मला या दोघांमुळे नीट कळलं.

पार्श्वभूमी थोडक्यात. तो चाकणला टूलरूममध्ये, ती कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवते. दोघंही पंचेचाळिशीच्या आसपास. शीड हाताळायला दोघं खडकवासल्याच्या पाण्यावर शिकले, एंटरप्राइज नावाच्या तेरा फुटी शिडाच्या होडीवर. नंतर सहा वर्षं मांडव्याच्या बाजूला मूरिंगवर, म्हणजे पाण्यात कायम रोवलेल्या बोयाला बांधून, त्यांची स्वतःची चोवीस फुटी फायबरची बोट होती. शनिवारी पहाटे साडेचारला कोथरूड सोडायचं, खोपोली-पेणवरून अलिबागच्या रस्त्याला लागायचं आणि आठ-साडेआठला डिंगीतून, म्हणजे छोट्या होडीतून, बोटीवर चढायचं. सहा वर्षं हे केलेली माणसं हौशी म्हणून सोडून देण्यातली नाहीत.

समोर आलेली बोट चौतीस फुटी होती. युरोपात बांधलेली, एका डोलकाठीची, डिझेल इंजिनची. आत सहा फुटी माणूस सरळ उभा राहील एवढी उंची, दोन केबिन, संडास-बाथरूम, गॅसची शेगडी. मागणी ३२ लाखांची. नव्या बोटीचा विचार त्यांच्या आवाक्यात नव्हताच. तेव्हा त्यावर जीएसटी २८ टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. त्यामुळे चांगल्या जुन्या बोटींना गिऱ्हाईक आहे आणि विकणारे ताणून धरतात.

पहिल्या बैठकीत बोलला तो नवराच. त्याचं म्हणणं असं की नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे २००९-१० मध्ये छप्पन फुटी म्हादेई घेऊन एकटे जगाला फेरी मारून आले, मग आम्ही दोघं मिळून चौतीस फूट का नाही पेलणार? हा युक्तिवाद मी अनेकांच्या तोंडून ऐकला आहे. दोंदे २००६ पासून त्या मोहिमेच्या मागे होते. बोट गोव्यात बांधून झाली २००९ च्या सुरुवातीला, आणि ती बांधली जात असताना तिचा बोल्ट न् बोल्ट त्यांच्या नजरेखालून गेला होता. ती बोट एकट्या माणसासाठी तयार करून घेतलेली होती. आपण घेतो ती दुसऱ्या कुणाच्या सवयींसाठी मांडलेली बोट, आणि आपल्या हाताशी असतात शनिवार-रविवार.

मग आकडे मांडले. ते तिनेच मांडले, मी फक्त सूत्रं सांगितली. पाण्यातून जाणाऱ्या जड बोटीचा वेग तिच्या पाणरेषेच्या (बोट पाण्याला जिथे टेकते त्या रेषेच्या) लांबीवर अवलंबून असतो. लांबी फुटांत घ्यायची, तिचं वर्गमूळ काढायचं, त्याला १.३४ ने गुणायचं की साधारण कमाल वेग नॉटमध्ये, म्हणजे तासाला सागरी मैलांत, मिळतो. जुन्या बोटीची पाणरेषा २० फूट, म्हणजे ६ नॉट. नवीची २९ फूट, म्हणजे ७.२. बारा सागरी मैलांच्या फेरीत फायदा वीस मिनिटांचा, तोही पूर्ण वेगाने गेलं तर. आता दुसरी बाजू बघा. वजन दोन टनांवरून साडेपाच टनांवर. शिडं २६ चौरस मीटरवरून ५८ वर. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो, आणि तो चौपट दाब आता दुपटीहून मोठ्या शिडावर येणार. जुन्या बोटीवर पुढच्या शिडाची दोरी ती हाताने ओढून बांधायची. इथे विंचशिवाय (दोरी गुंडाळून ओढणाऱ्या फिरकीशिवाय) तिला हातसुद्धा लावायचा नाही, बोटं जातील. नांगराचीही तीच गत. आठ मिलिमीटरची साखळी मीटरला सुमारे १.४ किलो भरते. तीस मीटर सोडली की ४२ किलो, वर सोळा किलोचा नांगर. हा ऐवज चिखलातून कोण उपसणार?

गणित वहीत उतरल्यावर दोघंही गप्प झाले. मग ती म्हणाली, "वय वाढतंय आणि बोटही वाढतेय. दोन्ही एकाच वेळी नाही वाढून चालणार." मला वाटलं विषय संपला. ती नको म्हणते आहे आणि तो हट्ट करतो आहे, असं मी मनाशी धरून बसलो.

ती माझी चूक होती.

तिची लॉगबुकं आहेत. नीट पुठ्ठा घातलेल्या दोन दोनशेपानी वह्या. प्रत्येक फेरीची तारीख, वारा, भरतीची वेळ आणि बोटीवर कोण होतं याची नोंद. मी त्या मागून घेतल्या कारण मला त्यांचे पाण्यावरचे दिवस मोजायचे होते. मोजताना दिसलं ते वेगळंच. पहिल्या वर्षी प्रत्येक फेरीत दोघांची नावं. तिसऱ्या वर्षापासून तिचं नाव अधूनमधून गळायला लागलं होतं, आणि सहाव्या वर्षी निम्म्याहून जास्त फेऱ्या तो कुणा मित्राला घेऊन गेला होता. रात्रीच्या मुक्कामाच्या फेरीत तर शेवटच्या दोन वर्षांत तिचं नावच नव्हतं. त्या फेऱ्यांच्या नोंदीही तिच्याच अक्षरात होत्या. तो घरी येऊन सांगायचा, ती लिहायची.

मी तिला एकटीला विचारलं. नवऱ्यासमोर विचारलं असतं तर खरं उत्तर मिळालं नसतं. ती म्हणाली, "काका, त्या बोटीत बादली आहे. दिवसभर पाणी न पिता राहायचं आणि संध्याकाळी डोकं धरायचं. रात्री तर विचारूच नका. पाठ मोडेपर्यंत वाकून स्वयंपाक. मोठी बोट त्याच्यापेक्षा मला हवीय. पण मोठी बोट मला चालवता येईल का, याची मला भीती वाटते. त्याला या दोन्ही गोष्टी माहीत नाहीत."

सहा वर्षांत हे नवऱ्याच्या कानावर गेलं नव्हतं. यात त्याचा दुष्टपणा नव्हता. आपल्याकडे बाई समुद्रावर आली हेच इतकं कौतुकाचं ठरतं की तिची गैरसोय विचारायची राहून जाते. त्या दिवशी संध्याकाळी तिने त्याला सांगितलं. काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला तेव्हा त्याचा सूर बदलला होता. "काका, ती एकटी चालवू शकेल अशी होत असेल तरच घेऊ. नाही तर नको." खरेदीची अट तिथे ठरली, आणि पुढचं सगळं तपासकाम मी त्या अटीवर केलं.

डिसेंबरात बोट बघायला गेलो. मालकाने सांगितलं होतं २००१ ची. अशा बोटीच्या मागच्या आडव्या पाटावर, उजव्या अंगाला वरच्या कडेजवळ, चौदा अक्षर-अंकांचा क्रमांक कोरलेला असतो. त्यातले शेवटचे दोन आकडे मॉडेलचं वर्ष सांगतात. तिथे ९९ होतं. मालकाने "मी घेतली तेव्हा मला तसंच सांगितलं होतं" म्हटलं, आणि ते खरंही असेल. दोन वर्षांनी बोट बिघडत नाही, पण भाव करताना बोलायला तोंड मिळतं.

डेकवर मी प्लॅस्टिकच्या छोट्या हातोडीने ठोकत फिरतो. फायबरच्या दोन थरांमध्ये बाल्सा लाकूड असतं. ते कोरडं असलं की टक् टक् असा खणखणीत आवाज येतो आणि पाणी शिरून कुजलं की डब्ब असा. नवरा माझ्यामागे खडू घेऊन फिरत होता. जिथे आवाज बसला तिथे खूण. डोलकाठीच्या डाव्या हाताला ताटाएवढा एक तुकडा बसका निघाला. उजव्या बाजूला, जिथे डोलकाठीच्या ताणाच्या तारा डेकमधून खाली पट्टीला जोडलेल्या असतात, त्याखालची लाकडी फळी मी उघडायला लावली. मालक कुरकुरला. फळी निघाली, आणि पट्टीच्या बोल्टपासून खाली विटकरी रंगाचा एक ओघळ आलेला दिसला. पाणी कित्येक वर्षं झिरपत होतं. स्टेनलेस स्टीलला उघड्या हवेत फारसं काही होत नाही, पण ओल्या लाकडात कोंडून ठेवलं की ते आतून चिरत जातं. बाहेरून पट्टी चकचकीत, आत भेग. आणि डोलकाठी उभी असते ती त्या पट्टीच्या भरवशावर.

तारांवरून कापूस फिरवला. तुटलेला एखादा धागा असला की कापूस तिथे अडकतो. दोन ठिकाणी अडकला. तारा मूळच्याच होत्या, बोटीच्या वयाच्या. दहा-पंधरा वर्षांत त्या बदलतात, आणि आपल्या खाऱ्या दमट हवेत तेवढं थांबणंही बरं नव्हे. तळाला पाणी आत-बाहेर जाण्याचे जे कॉक असतात, त्यातल्या दोघांना पॉलिश पेपरने घासलं तर आतून पिवळ्याऐवजी गुलाबी रंग निघाला. पितळातलं जस्त खाऱ्या पाण्यात विरघळून गेलं की तांबं उरतं, म्हणून तो गुलाबी. असा कॉक बिस्किटासारखा हातात येतो, आणि तो हातात आला की समुद्र आत. इंजिन चांगलं निघालं. धूर साफ, तेलात पाणी नाही. इंजिनचा पाय ज्या रबरी पडद्यातून तळाबाहेर जातो, तो पडदा सात वर्षांनी बदला असं बनवणारे सांगतात. इथे कधी बदलला याची नोंद नव्हती. कील (बुडाखालचा जड पंखा) आणि बूड यांच्या सांध्यात काळजीचं काही दिसलं नाही.

हे सगळं पैशाने सुटणारं होतं. खोलीचं तसं नव्हतं. जुनी बोट १.१ मीटर पाण्यात बसायची, ही १.९ मीटर. सुमारे पाऊण मीटरचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो. पण या दोघांना मोठी बोट कशासाठी हवी होती? कोकणातल्या खाड्यांत मुक्काम करायला. आणि आपल्या बहुतेक खाड्यांच्या तोंडावर वाळूचा दांडा असतो. जुन्या बोटीने ते एकदा भरतीवर आंजर्ल्याच्या खाडीत शिरले होते, ती आठवण दोघंही अजून सांगतात. नव्या बोटीला ते दार जवळपास बंद. हर्णैला सुवर्णदुर्गाच्या आडोशाने बाहेर नांगरायचं आणि डिंगीने आत जायचं. जिथे जाता येईल तिथेही भरतीचा हिशेब काटेकोर लागणार. सहा तासांच्या भरतीचे बारा हिस्से करायचे. पहिल्या तासाला एक हिस्सा चढतो, दुसऱ्याला दोन, तिसऱ्या-चौथ्याला तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. चार मीटरची भरती असेल तर तिसऱ्या एका तासात मीटरभर पाणी वाढतं, आणि ओहोटीला तेवढंच पळतं. १६७९ साली खांदेरीला मराठ्यांच्या छोट्या होड्या रात्री इंग्रजांच्या मोठ्या जहाजांना चुकवून बेटावर रसद पोचवत राहिल्या, त्यात उथळ बुडाचा वाटा मोठा होता. लहान होडीला किनारा मोठा असतो, हे कोकणातल्या कुठल्याही तांडेलाला सांगावं लागत नाही. या जोडप्याला मी ते दोनदा सांगितलं. तिने विचार केला आणि म्हणाली, "कमी खाड्या चालतील. निदान मी बोटीवर असेन."

जानेवारीत पाण्यावर चाचणी घेतली. सकाळी जमिनीकडून येणारा मतलई वारा पडत चाललेला, अकरानंतर वायव्येचा खारा वारा भरून आला, बारा-चौदा नॉटपर्यंत. ठरल्याप्रमाणे नवऱ्याने खाली बसायचं आणि तोंड उघडायचं नाही. मीही नाही. शीड तिने चढवलं. वळणं तिने घेतली. शीड आखडायला, म्हणजे लहान करायला, तिला डोलकाठीपाशी जावं लागलं, कारण आखडण्याच्या दोऱ्या कॉकपिटपर्यंत, म्हणजे सुकाणूपाशी बसायच्या जागेपर्यंत, आणलेल्याच नव्हत्या. सात पावलं, वाकून. तेवढ्यात बोट वाऱ्यात वळली आणि बूम, म्हणजे मोठ्या शिडाच्या तळाचा आडवा दांडा, तिच्या डोक्यावरून गेला. वीतभर अंतर राहिलं असेल. ती परत आली, सुकाणू धरलं आणि म्हणाली, "ही दोरी इथे यायला हवी." भीतीने नाही, गणिताची बाई फळ्यावरची चूक दाखवते तसं.

मग मी पाण्याने भरलेला वीस लिटरचा कॅन फेंडरला (बोटीच्या कडेला लावायच्या फुगीर उशीला) बांधून समुद्रात टाकला. माणूस पडला असं समजायचं. तिने बोट फिरवून चौथ्या मिनिटाला त्याच्या बाजूला आणली, हे उत्तमच. पण तो वर घेता येईना. जुन्या बोटीची कड पाण्यापासून हातभर उंच, इथे सव्वा मीटर. आकड्याने धरला, दोघांनी मिळून ओढला, दोनदा सुटला. वीस किलोचा कॅन सुटतो तिथे ओल्या कपड्यातला सत्तर किलोचा नवरा कसा येणार? त्या परतीच्या तासात कुणी फारसं बोललं नाही.

माझा सल्ला लेखी दिला: ही सोडा, अठ्ठावीस-एकोणतीस फुटांची शोधा, उंची थोडी कमी मिळेल पण संडास मिळेल, खोली दीड मीटरच्या आत राहील. अजूनही मला तो सल्ला चुकीचा वाटत नाही. पण तशी बोट तेव्हा आपल्या किनाऱ्यावर विकायला नव्हती, आणि "कधीतरी मिळेल" यात अजून दोन हंगाम गेले असते. त्या दोघांनी सहा अटींचा कागद करून माझ्यापुढे ठेवला. तारा आणि दोन्ही पट्ट्या नव्या. शीड चढवण्या-आखडण्याच्या सगळ्या दोऱ्या कॉकपिटमध्ये. नांगराला विजेचा विंच. बूमला टांगलेली, माणूस उचलायची कप्पी. कॉक बदललेले. आणि पहिल्या हंगामात दर तिसरी फेरी तिची, तो प्रवासी. हे झाल्याशिवाय मुक्कामाची फेरी नाही. कागदावर दोघांच्या सह्या होत्या. मी हो म्हटलं.

भाव २४.५ लाखांवर तुटला. दुरुस्तीला साडेसहा लाख लागले, म्हणजे मागणीच्या एक लाख खालीच सगळं बसलं. कागदपत्रांना मात्र पाच आठवडे गेले. बोट परदेशातून आलेली असली की आयातीचं शुल्क भरल्याचा मूळ कागद लागतो, आणि मालकाकडे फक्त झेरॉक्स होती. तो कागद हाती येईपर्यंत पैसे द्यायचे नाहीत यावर ती ठाम राहिली. नवरा दोनदा डगमगला. "दुसरं गिऱ्हाईक आलंय" असं मालकाकडून सांगणं येत होतं, तसं ते नेहमीच येतं. नोंदणीवरचे बोटीचे आणि इंजिनचे क्रमांक तिने स्वतः बॅटरी घेऊन आत वाकून ताडून पाहिले.

पावसाळ्याची सोय आम्ही खरेदीच्या आधी लावली होती, आणि हे प्रत्येकाने करावं असं मला कळकळीने वाटतं. जून ते सप्टेंबर आपल्याकडे अशी बोट मूरिंगवर ठेवता येत नाही. जुनी दोन टनांची बोट उधाणाच्या भरतीला ट्रॅक्टरने ट्रॉलीवर ओढून निघायची. साडेपाच टनांना क्रेन लागते. गावात १४ टनी हायड्रा क्रेन मिळते म्हणून निर्धास्त राहू नये. ते १४ टन क्रेनचा हात पूर्ण आखडलेला असतानाचे, धक्क्यावरून बाहेर लांबवला की क्षमता झपाट्याने उतरते. आम्ही धक्क्याची कड ते बोटीचा मध्य हे अंतर टेपने मोजून क्रेनवाल्याच्या तक्त्याशी पडताळलं. मोठी क्रेन अलिबागहून मागवावी लागली. मुक्कामाचं आणि उचलण्याचं धरून वर्षाचा खर्च जुन्या बोटीच्या अडीचपट झाला.

पहिला पूर्ण हंगाम २०२४ च्या ऑक्टोबरात सुरू झाला. वहीत आता प्रत्येक फेरीला दोन नावं आहेत. दर तिसऱ्या फेरीचा नियम त्यांनी पाळला. सुरुवातीला त्याला गप्प बसणं जड गेलं, हे तोच सांगतो. फेब्रुवारीत खांदेरीच्या बाहेर असताना शीड ओढताना त्याची कंबर धरली. कॉकपिटच्या फळीवर आडवा झाला तो उठेना. तिने पुढचं शीड गुंडाळलं, मोठं उतरवलं, दोन्ही जागेवरून न हलता. इंजिनवर परत आली. मूरिंगचा बोया दोनदा हुकला. ओहोटीचा ओढ मागून होता. तिसऱ्या वेळी तिने बोट फिरवली, पाण्याच्या ओढाला तोंड देऊन सावकाश आणली आणि आकडा टाकला. वहीतली नोंद एवढीच आहे: "मूरिंग तिसऱ्या प्रयत्नात. ओढ नीट बघितला नव्हता. डिंगीत त्याला कप्पीने उतरवलं."

माणूस उचलायची ती कप्पी उतरवायलाही चालते, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

इंजिनच्या पायाचा रबरी पडदा त्या मे महिन्यात बोट वर काढल्यावर बदलला. आंजर्ल्याला ते अजून गेलेले नाहीत.